मेन्स्ट्रुअल कपाची योग्य निवड : चिकित्सक व औषध-विक्रेते यांच्यासाठी काही विचार

चिकित्सालयात तसेच औषधी दुकानात अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारला जाऊ लागला आहे. पूर्वी हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयीन मुली विचारीत. आता तालुक्याच्या गावी शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कर्मचारी स्त्रिया, इतकेच नव्हे तर सासूला सोबत घेऊन आलेल्या सुनाही विचारतात. "मॅडम, तो पाळीचा कप वापरला तर चालेल का? आणि कोणत्या मापाचा घ्यायचा?" यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेक जण देतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र खोक्यावर छापलेले आहे असे समजून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे, कारण कपाविषयीच्या बहुतेक तक्रारी मापाच्या चुकीतून उद्भवतात असा माझा अनुभव आहे. त्यांतील एक चूक माझ्या स्वतःच्या हातून घडलेली असल्याने तिच्यापासूनच आरंभ करते.

रुग्णा वय 38 वर्षे, दोन प्रसूती, दोन्ही प्राकृत. व्यवसायाने एस.टी.मध्ये वाहक. दूरच्या फेरीवर असताना पॅड बदलण्यास वेळ व जागा मिळत नाही, मांड्यांना ओले चट्टे पडतात, म्हणून तिने कपाची विचारणा केली. खोक्यावरील तक्त्यात तीस वर्षांवरील अथवा प्रसूती झालेल्या स्त्रीसाठी मोठे माप असे लिहिलेले होते. मी तक्ता वाचला, मोठे माप लिहून दिले, घालण्या-काढण्याची रीत सांगितली आणि पुढच्या रुग्णेकडे वळले. तिची योनिपरीक्षा केली नाही. तीन महिन्यांनी ती परत आली. पाळीच्या दिवसांत वारंवार मूत्रप्रवृत्ती, मूत्रत्याग करूनही पूर्ण न झाल्याची भावना, ओटीपोटात ओढ आणि देठ टोचतो म्हणून तिने तो मुळापासून कापलेला! देठ नसल्यामुळे कप काढताना तळ सापडेना, मग कुंथून आणि बोटांनी ओढून काढणे सुरू झाले. पाळीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा केली तेव्हा गर्भाशयग्रीवा अवघ्या 4 सें.मी. वर होती व कुंथावयास सांगताच आणखी खाली येत होती. म्हणजे प्रथमावस्थेतील गर्भाशयभ्रंश. अशा स्त्रीच्या योनिमार्गात मी 5 सें.मी.हून अधिक लांबीचा, जाड कडेचा कप दिला होता. प्रसूती झालेली म्हणून मोठे माप हे जेथे सर्वांत घातक ठरावे, अशीच ही रुग्णा होती.

पार्श्वभूमी थोडक्यात

कप ही कालची वस्तू नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने रबरी कपाचे पेटंट 1937 साली घेतले होते. पुढे रबराची जागा मेडिकल ग्रेड सिलिकॉनने घेतली आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचा प्रसार झाला. आपल्या देशात केरळमधील आलप्पुळा नगरपालिकेने 2019 साली 'तिंकळ' प्रकल्पातून सुमारे 5,000 कपांचे वाटप केले. त्याच राज्यातील कुंबळंगी हे गाव 2022 साली सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून घोषित झाले. 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकाने 2019 साली 43 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 3,300 स्त्रिया व मुलींची माहिती होती. गळतीचे प्रमाण पॅड वा टॅम्पॉनच्या तुलनेत सारखे किंवा कमी आढळले आणि कप अंगवळणी पडण्यास काही पाळ्या जाव्या लागतात, सोबत कोणी शिकविणारे असल्यास ते सुलभ होते, असेही त्यात नमूद आहे. हा शेवटचा मुद्दा चिकित्सकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका पाळीत जमले नाही म्हणून माप चुकले असे नव्हे. आणि तीन पाळ्यांनंतरही त्रास होत असेल तर केवळ सवयीचा अभाव आहे असेही नव्हे.

शास्त्रीय शंका : वेगावरोध होतो काय?

आपल्या बैठकांत हा प्रश्न हमखास निघतो. आर्तवाचे निष्क्रमण हे अपान वायूचे कर्म. मग मार्गात पात्र ठेवल्यास अपानाचा अवरोध होणार नाही काय? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर स्थानाचा विचार करून द्यावे लागते. सुश्रुताचार्यांनी योनी शंखनाभीच्या आकाराची व तीन आवर्तांची सांगून तिसऱ्या आवर्तात गर्भशय्या सांगितली आहे. कप गर्भशय्येत जात नाही, ग्रीवेच्या मुखातही जात नाही. ग्रीवेच्या खाली, योनिमार्गाच्या भित्तींना कड टेकवून तो बसतो. स्राव गर्भाशयातून बाहेर पडून गेलेला असतो, तो केवळ साठविला जातो. चरकाचार्यांच्या तेरा अधारणीय वेगांत आर्तवाची गणना नाही हे खरे, पण केवळ त्या आधारावर निर्णय देणे मला अपुरे वाटते. कारण चुकीच्या मापाचा कप मूत्राच्या वेगाचा अवरोध निश्चित करू शकतो आणि मूत्राची गणना त्या तेरांत आहे. म्हणजे आपल्या शंकेचे उत्तर पुन्हा मापापाशीच येऊन थांबते. बसलेला कप कोणत्याही वेगास आड येत नाही; न बसलेला कप येतो.

येथे एक गोष्ट मला खटकते ती सांगते. कपाच्या जाहिरातींतून पाळीच्या दिवसांत पोहणे, धावणे, नाचणे यांची चित्रे दाखविली जातात. रजस्वला परिचर्येत पहिल्या तीन दिवसांसाठी सांगितलेली विश्रांती कपामुळे अनावश्यक ठरत नाही. कप स्रावाची सोय करतो, शरीराचे बल वाढवीत नाही. रुग्णेस हे आपणच सांगावयास हवे.

यंत्रदोष

सुश्रुतांनी एकशे एक यंत्रे सांगून त्यांत हातास प्रधान यंत्र मानले आणि त्याच अध्यायात यंत्रांचे बारा दोष दिले. विद्यार्थिदशेत आपण ते परीक्षेसाठी पाठ केले. अतिस्थूल, असार, अतिदीर्घ, अतिह्रस्व, अग्राही, विषमग्राही, वक्र, शिथिल वगैरे. वरील रुग्णेनंतर मी कपाकडे यंत्र म्हणून पाहू लागले, तेव्हा या यादीतील अर्धे शब्द तक्रारींच्या वहीत जसेच्या तसे सापडले. अतिस्थूल कप मूत्राशयावर दाब आणतो, अतिदीर्घ कपाचा तळ योनिद्वाराशी टोचतो. अतिह्रस्व कप वर सरकून बोटाला लागत नाही व रुग्णा घाबरून रात्री अकरा वाजता दूरध्वनी करते. अतिमृदू कप पूर्ण उघडतच नाही, त्याची कड एका बाजूस दुमडलेली राहते व तेथून गळती होते, हा विषमग्राही. ज्या स्त्रीच्या श्रोणितलाचे स्नायू दुर्बल आहेत तिला लहान कप शिथिल होऊन खाली घसरतो. म्हणून "कप गळतो" ही तक्रार ऐकताच मोठे माप देणे ही चिकित्सा नव्हे, निदान आधी व्हावयास हवे.

ग्रीवेची उंची कशी मोजावी

निवडीचा पाया हा आहे. योनिमार्गाची लांबी सरासरीने पुढच्या भित्तीची सुमारे 7 व मागच्या भित्तीची सुमारे 9 सें.मी. असते असे आपण शिकलो. पण कपासाठी उपयोगी पडते ती योनिद्वारापासून ग्रीवेपर्यंतची उंची, आणि ती एकाच स्त्रीत महिन्याच्या निरनिराळ्या दिवशी निरनिराळी असते. पाळीच्या दिवसांत ती अनेकींत सर्वांत कमी असते. मासिक स्राव नसताना टेबलावर उताण्या स्थितीत केलेल्या परीक्षेवर विसंबून दिलेले माप म्हणूनच चुकते. उभे राहिल्यावर, ओझे उचलल्यावर ग्रीवा आणखी उतरते, हेही ध्यानात घ्यावे.

मोजमाप रुग्णेने स्वतः घरी करावे. आपण फक्त शिकवावे. हात साबणाने धुऊन, नखे कापून, पाळीच्या पहिल्या व दुसऱ्या दिवशी उकिडवे बसून मधले बोट सावकाश आत घालावे. नाकाच्या शेंड्यासारखे घट्ट व गोल काही बोटास लागते ती ग्रीवा. बोट योनिद्वाराशी जेथपर्यंत आत गेले तेथे अंगठ्याने खूण धरावी व बाहेर काढून मोजपट्टीवर मोजावे. सकाळ व सायंकाळ अशी दोन्ही मापे घेऊन त्यांतील लहान माप धरावे. ढोबळमानाने साडेचार सें.मी.पेक्षा कमी असल्यास ग्रीवा खाली, साडेचार ते साडेपाच मध्यम आणि त्यापुढे उंच समजावी. ज्यांना ग्रीवा लागतच नाही त्यांची बहुधा उंच असते. त्यांना आखूड कप देऊ नये, कारण तो काढताना त्रास होतो.

कपाची लांबी देठ वगळून मोजावी. हा भाग रुग्णेच्या मापापेक्षा जास्त नसावा. बाजारातील कपांचे हे शरीर सामान्यतः चार ते साडेपाच सें.मी. व कडेचा व्यास चार ते साडेचार सें.मी.च्या आसपास असतो. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या "स्मॉल" व "लार्ज" या शब्दांना समान अर्थ नाही. एका कंपनीचे लहान माप दुसऱ्या कंपनीच्या मध्यमापेक्षा लांब असल्याचे मी स्वतः पट्टी लावून पाहिले आहे. त्यामुळे अक्षर न पाहता मिलिमीटर पाहावेत. ग्रीवा फार खाली असल्यास तिचा थोडा भाग कपात उतरतो व तेवढी धारणक्षमता घटते, त्यामुळे अशा स्त्रीला कप लवकर रिकामा करण्यास सांगावे. देठ टोचत असेल तर तो कात्रीने थोडा-थोडा कापता येतो. मात्र कप शरीराबाहेर काढूनच, आणि तळ बोटांत धरून काढणे रुग्णेस पूर्ण जमू लागल्यानंतरच. माझ्या रुग्णेने नेमका याच्या उलट क्रम केला, कारण तिला तो क्रम कोणी सांगितला नव्हता.

व्यास व कठीणपणा

व्यासाचा विचार वयावरून न करता श्रोणितलाच्या बलावरून करावा. परीक्षेच्या वेळी दोन बोटांभोवती स्नायू आवळावयास सांगावे. जी स्त्री घट्ट आवळू शकते, उदाहरणार्थ कबड्डी खेळणारी मुलगी अथवा नियमित योगाभ्यास करणारी चाळिशीची स्त्री, तिला लहान व्यासाचा पण किंचित कठीण कप मानवतो, कारण मऊ कप तिच्या स्नायूंच्या दाबाने चेपला जातो. याउलट जिला शिंकताना-खोकताना मूत्रस्राव होतो, मूत्राशयदाह वारंवार होतो, अथवा मलावष्टंभ आहे, तिला कठीण कप देऊ नये. कठीण कड पुढच्या भित्तीतून मूत्रमार्गावर दाब आणते. सिझेरियनने प्रसूत झालेल्या स्त्रीच्या योनिमार्गात प्रसूतीमुळे ताण आलेला नसतो, तरी खोक्यावरील तक्ता तिला मोठ्या मापात ढकलतो. कुमारी मुलीच्या बाबतीत योनिद्वारातील पडद्याचा प्रश्न पालक उघडपणे विचारीत नाहीत, मनात ठेवतात. तो आपणच काढावा व सांगावे की कप घालण्याने हा पडदा ताणला वा फाटू शकतो. त्याचा कौमार्याशी शास्त्रीय संबंध नाही. परंतु निर्णय मुलीचा आहे व घाईचा नाही.

स्रावाचे प्रमाण : चिकित्सकाला होणारा एक लाभ

बहुतेक कपांत 15 ते 30 मि.लि. स्राव मावतो. एका पाळीतील सरासरी रक्तस्राव 30 ते 40 मि.लि. मानला जातो व 80 मि.लि.पेक्षा अधिक असल्यास तो अतिस्राव. असृग्दराच्या रुग्णेस "किती जाते?" असे विचारले की "खूप" हे एकच उत्तर मिळते, पॅडची संख्याही विश्वसनीय नसते, कारण कोणी थेंबाला बदलते, कोणी भिजेपर्यंत ठेवते. ज्या कपावर मि.लि.च्या रेघा आहेत त्याने प्रत्यक्ष मोजमाप मिळते. माझ्या एका 41 वर्षे वयाच्या रुग्णेने दोन पाळ्यांची नोंद वहीत करून आणली. एकीची बेरीज 130 मि.लि. व दुसरीची 145. (कपात रक्ताबरोबर इतर स्रावही असतो, त्यामुळे ही बेरीज म्हणजे निव्वळ रक्त नव्हे, तरीही महिन्या-महिन्यांची तुलना करण्यास ती पुरेशी ठरते.) तिला सहा महिने "वयामुळे होते" असे सांगितले गेले होते. हिमोग्लोबिन 8.2 निघाले व सोनोग्राफीत गर्भाशयाची गाठ आढळली. पुढे रक्तस्तंभक चिकित्सा सुरू असताना त्याच वहीवरून उपशय किती हे आम्हा दोघींनाही दिसत राहिले. या एका कारणासाठी तरी चिकित्सकांनी कपाकडे केवळ विक्रीची वस्तू म्हणून पाहू नये.

कोणास देऊ नये, व कोणास थांबण्यास सांगावे

प्रसूती वा गर्भपातानंतरचा काळ, निदान सहा आठवडे व परीक्षेनंतरच, योनिगत व्रण, तीव्र श्वेतस्राव, कंडू, दाह असताना, योनिगत शस्त्रकर्मानंतर, तसेच योनिसंकोचामुळे परीक्षाच सहन न होणाऱ्या स्त्रियांत कप देऊ नये. प्रस्रंसिनी वा महायोनीसदृश लक्षणे असणाऱ्या स्त्रीस परीक्षेशिवाय मुळीच नाही. कप ओढून काढणे आणि गर्भाशयभ्रंश यांचा संबंध असावा असे अलीकडच्या काळात परदेशांतील तज्ज्ञांनी व श्रोणितलाच्या फिजिओथेरपिस्टांनी मांडले आहे. तो निःसंशय सिद्ध झालेला नसला तरी कुंथून ओढण्याची सवय वाईट, याविषयी दुमत नसावे.

तांबी बसविलेल्या स्त्रीचा प्रश्न स्वतंत्र आहे. कप काढताना निर्माण होणाऱ्या ओढीमुळे किंवा कपाबरोबर दोरा पकडला गेल्याने तांबी सरकल्याचे वा बाहेर आल्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत. तांबी बसविणाऱ्या डॉक्टरांशी बोलून दोरा आखूड करून घेता येतो, तरीही धोका पूर्ण टळत नाही. अशा रुग्णेस दरमहा दोरा तपासण्यास सांगावे. माझे मत असे की पहिले काही महिने तरी तिने कप वापरूच नये.

'बी.एम.जे.'मध्ये 2025 साली प्रसिद्ध झालेला एक वृत्तान्त प्रत्येकाने वाचावा असा आहे. डेन्मार्कमधील एका तरुण स्त्रीस अनेक महिने कुशीत वेदना व मूत्रातून रक्त येत होते. तपासणीत एका बाजूचे मूत्रपिंड व मूत्रवाहिनी फुगलेली आढळली आणि त्या बाजूस मूत्रवाहिनीच्या मुखाजवळ चुकीच्या जागी बसलेला कप दिसला. असे प्रसंग विरळ आहेत. परंतु कुशीत वेदना घेऊन येणाऱ्या स्त्रीला "पाळीसाठी काय वापरता?" हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? अश्मरीची चिकित्सा सुरू करण्यापूर्वी तो विचारावा.

विषारी आघात, अर्थात टॉक्सिक शॉक, हा उपद्रव टॅम्पॉनसंदर्भात प्रसिद्ध आहे. वरील 2019 च्या आढाव्यात कपासंबंधी त्याची पाच प्रकरणे नमूद आहेत. पाळीत अकस्मात तीव्र ज्वर, वमन, अतिसार, अंगावर उन्हाने भाजल्यासारखा लाल पुरळ, मूर्च्छा अशी लक्षणे दिसल्यास कप तत्काळ काढून रुग्णेस विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. येथे आपल्या चिकित्सेचा आग्रह धरू नये.

योनिपिचू, उत्तरबस्ती आणि कप

हा भाग कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मिळणार नाही. आपल्याकडील अनेक रुग्णा पाळीच्या आधी वा नंतर तैलपिचू घेत असतात. सिलिकॉनच्या कपासोबत तैलयुक्त पदार्थ वापरू नयेत, केवळ पाण्याचा वापर करावा, असे उत्पादक सांगतात. रबरी कप असल्यास तेलाने तो निश्चितच खराब होतो. शिवाय तैलस्निग्ध योनिमार्गात कप टिकत नाही, घसरतो. मी पिचू अपेक्षित पाळीच्या तीन दिवस आधी बंद करविते. उत्तरबस्ती नेहमीप्रमाणे स्राव थांबल्यावरच. त्या दिवसांत कप घालू नये. "थोडासा डाग राहतो म्हणून" घातला असे एकदा घडले होते, म्हणून आता मी हे लेखी देते.

स्वच्छतेबाबत उत्साही रुग्णा त्रिफळा क्वाथात वा कडुनिंबाच्या पाण्यात कप उकळतात. हेतू चांगला, परंतु त्याने कपावर डाग पडतात व पुढे कप खराब झाला की काय ते कळत नाही. साध्या पाण्यात, पूर्ण बुडेल अशा वेगळ्या पातेलीत, माहितीपत्रकात दिलेला वेळ (साधारणतः पाच मिनिटांच्या आसपास) उकळावे. प्रत्येक पाळीच्या आधी व नंतर. पातेलीच्या तळाला कप चिकटून जळू नये म्हणून तो अंडी फेटण्याच्या जाळीत ठेवण्याची एका रुग्णेची युक्ती मला आवडली. जंतुनाशक द्रव वापरू नये. हवाबंद डबीत ठेवू नये, सुती पिशवीत ठेवावा. आणि आठ ते बारा तासांच्या आत रिकामा करावा. ज्यांचा स्राव अधिक त्यांनी त्याहूनही लवकर.

औषध-विक्रेत्या बांधवांसाठी

आपणास परीक्षा करता येत नाही व करावयाचीही नाही. तरी खोक्याची अदलाबदल होत नसल्यामुळे चुकीचे माप गेले की ग्राहकाचे पैसे बुडतात, आणि ती स्त्री पुन्हा कपाकडे वळत नाही. म्हणून देण्यापूर्वी चारच प्रश्न विचारावेत. पाळीत बोटाने ग्रीवेची उंची मोजली आहे काय? खोकताना मूत्र जाते काय वा खाली काही उतरल्यासारखे वाटते काय? तांबी आहे काय? गेल्या तीन महिन्यांत प्रसूती, गर्भपात वा शस्त्रकर्म झाले आहे काय? पहिल्याचे उत्तर "नाही" असल्यास मोजण्याची रीत छापलेला कागद देऊन पुढच्या महिन्यात येण्यास सांगावे. उरलेल्या तीनपैकी एकाचेही उत्तर "होय" असल्यास वैद्य वा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. विक्री एक महिना लांबते हे खरे, परंतु आमच्या गावातील एका दुकानदाराने हे सुरू केल्यापासून परत आणलेल्या खोक्यांवरून होणारी वादावादी थांबली, असे तो सांगतो.

दुकानात केवळ लहान व मोठे असे न ठेवता एक आखूड व मऊ प्रकारही ठेवावा. त्याची मागणी कमी असली तरी ज्यांना लागतो त्यांना दुसरा चालतच नाही. एक नमुना हाताळण्यासाठी वेगळा काढून ठेवावा. अनेक स्त्रियांनी कप चित्रातच पाहिलेला असतो आणि प्रत्यक्षात पाहताच "एवढा मोठा?" म्हणून त्या मागे सरतात, दुमडून दाखविल्यावर भीती कमी होते. हे दाखविण्यास दुकानात स्त्री कर्मचारी असावी, नसल्यास कुटुंबातील कोणी स्त्री. गल्ल्यापाशी चार पुरुष उभे असताना हे प्रश्न विचारले जाऊ शकत नाहीत, एवढे भान असावे. अतिशय स्वस्त, उत्पादकाचा पत्ता व सिलिकॉनच्या दर्जाचा उल्लेख नसलेला माल ठेवू नये.

पहिल्या रुग्णेचे पुढे काय झाले

तिला मी तीन महिने कप पूर्ण बंद करावयास सांगितले. मलावष्टंभाची चिकित्सा, बला तैलाचा पिचू, अश्विनी मुद्रेचा नियमित अभ्यास, आणि ओझे न उचलण्याची सूचना. शेवटची सूचना घरचे पाण्याचे हंडे पाहता कितपत पाळली गेली असेल याची मला शंका आहे. मूत्राचा त्रास कप बंद केल्याच्या पहिल्याच पाळीत गेला. चौथ्या महिन्यात तीच म्हणाली, "मॅडम, पॅडनं पुन्हा मांड्या सोलल्या. काहीतरी मार्ग काढा." पाळीच्या दुसऱ्या दिवशी तिला बोलावून पुन्हा मोजले, उंची तेवढीच, पण आवळण्याचे बल सुधारलेले. 4 सें.मी. लांबीचा, मऊ, लहान व्यासाचा कप दिला. तळ चिमटीत दाबून हवा आत जाऊ देणे, मग डावीकडे-उजवीकडे हलवीत काढणे, कुंथणे नाही. हे तिच्याकडून चिकित्सालयातच दोनदा करवून घेतले. धारणक्षमता कमी असल्याने पहिल्या दोन दिवशी तिला पाच-सहा तासांनी कप रिकामा करावा लागतो, म्हणून त्या दिवशी ती जवळच्या फेरीची ड्यूटी मागून घेते. दर सहा महिन्यांनी मी तिची ग्रीवा मोजते. गेल्या वेळी ती 4 सें.मी.वरच होती.